रबरचं एफईए: पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे, आणि हल्ली ऐरोलीच्या आयटी पार्कातून सुद्धा, सीलवाले, बेअरिंगवाले, माउंटवाले सगळे थोड्याफार फरकाने तेच विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवलंय (एफईए म्हणजे फायनाइट एलिमेंट ॲनालिसिस, पार्टचे छोटे तुकडे म्हणजे एलिमेंट करून कॉम्प्युटरवर हिशोब). नंबर दिलेत, म्हणजे "ते वर सांगितलंय ना" असं म्हणता येईल. उदाहरणांत अबॅकस आणि ॲन्सिस ही दोन सॉफ्टवेअर जास्त आहेत कारण इथे तेच जास्त चालतात.

१. स्टीलला टाकतो तसा ई (यंग्ज मॉड्यूलस) आणि पॉयसन रेशो रबरला टाकला तर काय बिघडतं?

स्ट्रेन ४-५ टक्क्यांच्या आत असेल तर फारसं काही बिघडत नाही, खुशाल टाका. पण सील २० टक्के दाबलं जातं, बूट किंवा बेलो दुप्पट ताणला जातो, आणि तिथे रबरचा कर्व्ह सरळ रेषेत जात नाही, सुरुवातीला उतार जास्त, मग मऊ पडतं, मग शेवटी पुन्हा कडक होतं. दुसरी गोष्ट व्हॉल्यूमची. कणकेचा गोळा पोळपाटावर दाबला की बाजूने पसरतो, आतल्या आत लहान होत नाही, रबर तसंच वागतं. शिअर मॉड्यूलस (आकार बदलायला होणारा विरोध) साधारण १ एमपीए आणि बल्क मॉड्यूलस (व्हॉल्यूम बदलायला होणारा विरोध) साधारण २००० एमपीए, एवढी तफावत असली की पॉयसन रेशो ०.५ ला चिकटतो आणि साधा एलिमेंट अडकतो (ते ९ मध्ये).

२. हायपरइलास्टिक म्हणजे नक्की काय? सोप्या भाषेत सांगा ना.

मटेरियल किती ताणलंय यावरून त्यात किती एनर्जी साठली त्याचं एक सूत्र लिहायचं, आणि स्ट्रेस त्या सूत्राच्या उतारावरून काढायचा. बस एवढंच. मॉडेल बदललं म्हणजे फक्त ते सूत्र बदललं. यात एक गोष्ट गृहीत असते ती लोक विसरतात: लोड करताना आणि काढताना रस्ता एकच, मध्ये काही हरवत नाही, वेळेचा संबंध नाही, आणि लोड काढला की तुकडा पूर्ण मूळ मापावर येतो. खऱ्या रबरात यातलं एकही शंभर टक्के खरं नसतं, त्यासाठी १२ आणि १५ वाचा.

३. निओ-हूकियन, मूनी-रिव्हलिन, योह, ऑग्डेन, अरुडा-बॉइस... एवढ्यातून निवडायचं कुठलं?

मॉडेलच्या नावाकडे बघून निवडू नका, तुमच्याकडे डेटा कुठला आहे ते बघून निवडा. मूनीचं काम १९४० चं, रिव्हलिनचं १९४८ चं, ऑग्डेन १९७२, अरुडा-बॉइस १९९३, योह पण त्याच नव्वदच्या आसपासचं, पण नवीन म्हणजे चांगलं असं इथे चालत नाही.

फक्त हार्डनेस माहीत आहे आणि स्ट्रेन ३०-४० टक्क्यांच्या आत आहे तर निओ-हूकियन, एकच कॉन्स्टंट, चुकायला जागाच कमी. फक्त सिंगल ताणाची टेस्ट आहे आणि स्ट्रेन मोठा आहे तर योह किंवा अरुडा-बॉइस, कारण ती दोन्ही पहिल्या इन्व्हेरियंटवरच (तिन्ही दिशांच्या ताणाच्या वर्गांची बेरीज) चालतात आणि ज्या मोडमध्ये (ताण, दाब, शिअर) टेस्ट केलेली नाही तिथे पण बऱ्यापैकी शहाण्यासारखी वागतात. ताण, प्लेनर (शिअरसाठी) आणि बायॲक्सियल (सगळ्या बाजूंनी ताण) तिन्ही टेस्ट हातात आहेत तर ऑग्डेन, मजा येते. दोन कॉन्स्टंटचं मूनी-रिव्हलिन हे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गैरवापर होणारं मॉडेल आहे, का ते ७ मध्ये आकड्यांनिशी दाखवलंय. शिवाय शेवटी कर्व्ह जो वर वळतो ते त्याला जमतच नाही.

४. कस्टमरने ड्रॉइंगवर फक्त "६० शोअर ए" लिहिलंय. एवढ्यावर ॲनालिसिस होईल?

पहिल्या अंदाजापुरतं होतं. गेंटचं जुनं सूत्र आहे, एस म्हणजे शोअर ए हार्डनेस, ई एमपीए मध्ये:

ई = ०.०९८१ × (५६ + ७.६२३३६ × एस) ÷ [०.१३७५०५ × (२५४ − २.५४ × एस)]

५० शोअरला साधारण २.५, ६० ला ३.६, ७० ला ५.५ एमपीए येतं. निओ-हूकियनचा एकमेव कॉन्स्टंट सी१० म्हणजे ई भागिले ६, तर ६० शोअरला ०.६ एमपीए.

आता खरी गंमत. ड्रॉइंगवर ६० च्या पुढे "अधिक-उणे ५" असतंच. ५५ ला ई येतो ३.० आणि ६५ ला ४.४. म्हणजे पास झालेल्या दोन बॅचमध्ये कडकपणात जवळजवळ दीडपट फरक असू शकतो, आणि दोन्ही बॅच क्वालिटीवाल्यांच्या दृष्टीने ओके. त्यामुळे रन एक करू नका, दोन टोकांचे दोन करा. मेश बारीक करण्यात तीन दिवस घालवणारे लोक हे करत नाहीत, आणि मग फोर्स चौथ्या दशांशापर्यंत रिपोर्टमध्ये छापतात.

५. लॅबच्या रिपोर्टमध्ये एम१०० दिलेलं असतं, तोच मॉड्यूलस ई म्हणून टाकू का?

नाही! हा प्रश्न इतक्या वेळा येतो की मी उत्तर कॉपी-पेस्ट करतो. एम१०० म्हणजे १०० टक्के ताणल्यावरचा स्ट्रेस, उतार नाही. निओ-हूकियनमध्ये सिंगल ताणाचा इंजिनिअरिंग स्ट्रेस = २ × सी१० × (लॅम्डा − १/लॅम्डा²), लॅम्डा म्हणजे ताणलेली लांबी भागिले मूळ लांबी. सी१० ०.६ घ्या, दुप्पट ताणलंय म्हणजे लॅम्डा २, तर १.२ × १.७५ = २.१ एमपीए. तिथे ई मात्र ३.६ आहे. एम१०० ई म्हणून टाकलं तर पार्ट खऱ्यापेक्षा खूप मऊ निघणार.

अजून दोन खड्डे. आपल्याकडच्या बऱ्याच रिपोर्टमध्ये आकडा किलो प्रति चौरस सेंमी मध्ये असतो, १ एमपीए म्हणजे साधारण १०.२ किलो, भागायला विसरू नका. आणि अबॅकस, ॲन्सिस दोघांनाही कर्व्ह फिटसाठी इंजिनिअरिंग म्हणजे नॉमिनल स्ट्रेस-स्ट्रेन लागतो. स्टीलच्या प्लॅस्टिसिटीची सवय असलेले लोक ट्रू स्ट्रेस करून टाकतात, मग कर्व्ह भलताच कडक होतो.

६. टेस्टिंगला पैसे मंजूर झालेत (थोडेच). कुठल्या टेस्ट करून घेऊ?

आधी हे ठरवा की तुमचा पार्ट नेमका कसा विकृत होतो आणि किती. दाबला जातो, ताणला जातो, की शिअर होतो? सील आणि पॅड बहुतेक वेळा दाबले जातात, बुश आणि माउंट शिअर होतात, डायफ्राम दोन्ही बाजूंनी ताणला जातो. तुमच्या मोडची टेस्ट नसेल तर बाकी सगळ्या टेस्ट असूनही फिट हा अंदाजच राहतो.

डंबेलची साधी ताण टेस्ट सगळीकडे होते, स्वस्त आहे. ती तुटेपर्यंत ओढलेली असते, पण आपल्याला पहिला भाग हवा असतो, आणि जबड्याच्या हालचालीवरून काढलेला स्ट्रेन घेऊ नका, डंबेलच्या बारीक भागावर खुणा करून किंवा एक्स्टेन्सोमीटर लावून घेतलेला घ्या.

कॉम्प्रेशनची बटन टेस्ट दिसायला सोपी, पण प्लेटवर घर्षण असतं, बटन पिंपासारखं फुगतं, आणि तुम्ही मोजलेला स्ट्रेस शुद्ध कॉम्प्रेशनचा राहतच नाही. वंगण भरपूर लावा, तरी शंका ठेवा. यावर उपाय म्हणून लोक बायॲक्सियल ताण टेस्ट करतात, आणि इथे एक छान गोष्ट आहे: रबरचं व्हॉल्यूम बदलत नसल्यामुळे सगळ्या बाजूंनी सारखं ताणणं आणि जाडीत दाबणं हे मटेरियलच्या दृष्टीने एकच. ५० टक्के दाबणं म्हणजे बाजूंना १.४१४ पट ताणणं. म्हणजे बायॲक्सियलचा डेटा हाच तुमचा स्वच्छ कॉम्प्रेशन डेटा, घर्षणाची भानगड नाही.

शिअरसाठी प्लेनर ताण टेस्ट, पट्टी रुंदीला उंचीच्या किमान १० पट हवी, म्हणजे मधला भाग बाजूने आकसत नाही. व्हॉल्यूमेट्रिक टेस्ट बहुतेकांना लागत नाही, कोणाला लागते ते १४ मध्ये.

पैसे एकाच टेस्टपुरते असतील तर? सील-पॅडवाल्यांनी बायॲक्सियल, बाकीच्यांनी ताण. आणि सगळे नमुने एकाच बॅचच्या एकाच शीटमधून कापा. ताणाची शीट एका कंपाऊंडरची आणि बटन दुसऱ्याच लॉटचं, अशा डेटावर कुठलंच मॉडेल बसणार नाही. प्रीकंडिशनिंगचं १२ मध्ये.

७. कर्व्ह फिट एकदम मस्त बसलाय, तरी सॉफ्टवेअर "अनस्टेबल" म्हणतंय. कोणावर विश्वास ठेवू?

सॉफ्टवेअरवर. फिट तुम्ही दिलेल्या कर्व्हवर मस्त बसलाय, न दिलेल्या मोडमध्ये तो काय करतोय ते तुम्ही बघितलेलं नाही.

आकडे घेऊ. मूनी-रिव्हलिनमध्ये सी१० आणि सी०१ असे दोन कॉन्स्टंट. सिंगल ताणात सी०१ चा वाटा सी१० च्या तुलनेत १/लॅम्डा ने गुणला जातो, आणि बायॲक्सियलमध्ये लॅम्डाच्या वर्गाने. लॅम्डा २ असताना ताणात सी०१ अर्धा मोजला जातो आणि बायॲक्सियलमध्ये चौपट, म्हणजे आठपट तफावत. फक्त ताणाचा डेटा दिला की फिटरला सी०१ मोठा करून तिथला वळसा पकडायला आवडतं, चुकलं तरी ताणात कळत नाही. मग हेच कॉन्स्टंट तुम्ही दाबल्या जाणाऱ्या सीलला लावता (जे आतून बायॲक्सियल आहे, ६ बघा) आणि फोर्स भरमसाठ येतो. आणि सी०१ निगेटिव्ह आला असेल तर उलटं, थोडं जास्त दाबलं की मॉडेलचा स्ट्रेस खाली यायला लागतो, तिथे सोल्व्हर मरतो.

त्यामुळे फिट झाला की तिन्ही मोडचे कर्व्ह काढा, डेटा असो-नसो, आणि तुमच्या पार्टमधल्या जास्तीत जास्त स्ट्रेनच्या जरा पुढेपर्यंत काढा. सगळे कर्व्ह सतत वर जाताना दिसले पाहिजेत. अनस्टेबलची हद्द ३०० टक्क्यांपुढे सांगत असेल आणि तुमचा पार्ट ४० टक्क्यांच्या आत असेल तर मात्र सोडून द्या, उगाच घाबरू नका.

८. डी१ मध्ये काय टाकायचं? शून्य चालतं का?

रबर व्हॉल्यूममध्ये किती दबतं ते सांगणारा कॉन्स्टंट म्हणजे डी१, डी१ = २ भागिले बल्क मॉड्यूलस. २००० एमपीए धरलं तर ०.००१. अबॅकस स्टँडर्डमध्ये शून्य म्हणजे अजिबात न दबणारं, आणि मग हायब्रिड एलिमेंट हवाच (९ बघा). जिथे रबरला पसरायला मोकळी जागा आहे तिथे शून्य आणि ०.००१ मध्ये फरक दिसणार पण नाही.

एक्स्प्लिसिटमध्ये (बारीक टाइम स्टेपने पुढे जाणारा सोल्व्हर) गोष्ट वेगळी. तिथे काहीच दिलं नाही तर अबॅकस बल्क आणि शिअरचं प्रमाण २० धरतं, म्हणजे पॉयसन रेशो ०.४७५. मोकळ्या पार्टला ठीक, पण खाचेत कोंडलेल्या रबरला हे फारच मऊ पडतं. १०० पर्यंत वाढवलं की ०.४९५ होतो, पण बल्क वाढला की मटेरियलमधून लाट जोरात धावते, टाइम स्टेप बारीक होते, रन लांबतो. शोधा मधला रस्ता.

९. एलिमेंट कुठला घेऊ? टेट (चार पृष्ठांचे तुकडे) मेश चालेल का, हेक्स (विटेसारखे तुकडे) करायला वेळ नाही.

गोल पार्ट असेल तर आधी ॲक्सिसिमेट्रिक (फक्त एक काप, अक्षाभोवती फिरवलेला) करता येतंय का बघा. थ्रीडी करून इंप्रेशन मारायची हौस असते पण सीलच्या ८० टक्के कामाला ॲक्सिसिमेट्रिक पुरतं आणि मिनिटांत सुटतं.

अबॅकसमध्ये नावाच्या शेवटी एच असलेले घ्या, सीएएक्स४एच, सी३डी८एच वगैरे. त्यांच्यात प्रेशर हा वेगळा अज्ञात धरतात म्हणून एलिमेंट कोंडून कडक होत नाही. ॲन्सिसमध्ये त्याच कामाला मिक्स्ड यू-पी फॉर्म्युलेशन ऑन करायचं. पहिल्या ऑर्डरचा चार नोडचा टेट रबरला हात लावू देऊ नका, उत्तर कितीतरी कडक येतं आणि प्रेशरचा प्लॉट बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. टेटच करायचा असेल तर दहा नोडचा हायब्रिड. रिड्यूस्ड इंटिग्रेशन घेतलं तर मेश झिगझॅग होतोय का यावर डोळा ठेवा.

आणि लार्ज डिफ्लेक्शन ऑन! हे लिहायला लाज वाटते पण अजूनही ऑफ ठेवलेल्या फाइली येतात.

१०. मित्राने अबॅकसचे कॉन्स्टंट दिले, मी ॲन्सिसमध्ये टाकले, उत्तर अर्धंच आलं. कोणाचं सॉफ्टवेअर चुकतंय?

कोणाचंच नाही, सूत्र लिहायची पद्धत वेगळी. अबॅकसचं निओ-हूकियन सी१० मागतं, ॲन्सिसचं सुरुवातीचा शिअर मॉड्यूलस म्यू मागतं, आणि म्यू म्हणजे २ × सी१०. ०.६ च्या जागी १.२ टाका, मिटलं.

ऑग्डेनमध्ये हे जास्त फसवं आहे. अबॅकस प्रत्येक टर्मपुढे २म्यू/अल्फा² लावतं, ॲन्सिस म्यू/अल्फा लावतं. त्यामुळे अल्फा तोच राहतो पण अबॅकसचा म्यू = ॲन्सिसचा म्यू × अल्फा ÷ २. ताळा असा: अबॅकसमध्ये सगळ्या म्यूंची बेरीज, आणि ॲन्सिसमध्ये म्यू × अल्फा यांच्या बेरजेचं अर्धं, हे दोन्ही एकच आलं पाहिजे, आणि ते ई भागिले ३ च्या जवळ पाहिजे. जर्नलमधले किंवा कुणी पाठवलेले कॉन्स्टंट वापरायच्या आधी हा ताळा करा. त्यासाठी ११ मधली एका एलिमेंटची टेस्ट सगळ्यात उत्तम.

११. सोल्व्हर ६० टक्क्यांवर येऊन थांबतो. कन्व्हर्जन्ससाठी (सोल्व्हर उत्तरापर्यंत पोचावा म्हणून) काय करू?

"कन्व्हर्जन्स" म्हणून येणाऱ्या प्रश्नांपैकी बरेच खरं तर मटेरियल डेटाचे असतात, म्हणून आधी पार्ट बाजूला ठेवा. १ मिमी चा एकच घनाकृती एलिमेंट घ्या, तुमचं मटेरियल द्या, दुप्पट ताणा, मग अर्ध्यावर दाबा, मग शिअर करा. ६० शोअरचं निओ-हूकियन असेल तर दुप्पट ताणल्यावर इंजिनिअरिंग स्ट्रेस २.१ एमपीए आलाच पाहिजे (आकडेमोड ५ मध्ये). एकच एलिमेंट जर मरत असेल तर मेश, कॉन्टॅक्ट, स्टॅबिलायझेशन, कशालाच हात लावून उपयोग नाही, ७ वर परत जा.

एलिमेंट पास झाला तर मग कॉन्टॅक्ट. फोर्सने ढकलू नका, डिस्प्लेसमेंटने ढकला, कारण फोर्सने ढकलताना कॉन्टॅक्ट लागायच्या आधी रबर उडून जातं. खाच रिजिड करा, रबरची बाजू स्लेव्ह, तिचा मेश जास्त बारीक. खाचेच्या कोपऱ्याला रेडियस द्या, ड्रॉइंगवर असतो पण मॉडेलमध्ये आळसाने चौकोनी ठेवतात, आणि रबर नेमकं त्या टोकावर फाटल्यासारखं होतं. घर्षण शून्य ठेवलं की पार्ट सरकत राहतो, वंगण असेल तर ०.१ च्या आसपास काहीतरी द्या, आणि ०.२ च्या वर गेलात तर अनसिमेट्रिक सोल्व्हर लागतो.

मेश चिरडला जात असेल तर दाबल्यावर चौकोनी दिसेल असा आधीच उलटा तिरका मेश करून ठेवा, जुनी युक्ती आहे पण चालते. स्टॅबिलायझेशन लावलं तर त्याची एनर्जी एकूण स्ट्रेन एनर्जीच्या एक-दोन टक्क्यांत आहे ना ते बघा, नाहीतर तुम्ही रबर नाही, डॅम्पर सोडवताय. एक्स्प्लिसिटला पळालात तर कायनेटिक एनर्जी कमी आहे ना तेही.

आणि एक अपवाद असा की त्यात मॉडेलचा काही दोष नसतो. मोकळा पृष्ठभाग साधारण ३५ टक्क्यांच्या पुढे दाबला गेला (ब्लॉक वाकवताना आतली बाजू) की खऱ्या रबरवर पण अचानक घडी पडते. तिथे मेश बारीक केला तर प्रॉब्लेम वाढतो. सेल्फ कॉन्टॅक्ट द्या आणि डिझाइनरला सांगा की इथे घडी पडणारच.

१२. पहिल्यांदा दाबलं तर फोर्स जास्त, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कमी. कुठला कर्व्ह टाकायचा?

हा मलिन्स इफेक्ट, कार्बन ब्लॅक भरलेल्या रबरमध्ये ठळक दिसतो. एकदा जितकं ताणलं तिथपर्यंत रबर मऊ होतं, त्याच्या पुढे गेलं की पुन्हा कोऱ्या मालासारखं कडक, आणि मग तिथपर्यंत मऊ.

असेंब्लीला लागणारा फोर्स काढायचाय, म्हणजे फिटर पहिल्यांदाच दाबतोय, तर कोऱ्या नमुन्याचा पहिला कर्व्ह. रोज हलणारा माउंट असेल तर नमुना वापरातल्या कमाल स्ट्रेनपर्यंत काही वेळा ओढून-सोडून घ्या आणि लूप स्थिर झाला की तो घ्या. लॅबला हा स्ट्रेनचा आकडा तुम्हीच द्यायचा, दिला नाही तर ते त्यांच्या सोयीचा धरतात. पार्ट २५ टक्क्यांवर चालतो आणि नमुना १०० टक्क्यांवर मऊ केलाय, तर तो डेटा तुमच्या पार्टचा नाहीच. दोन्ही एकाच रनमध्ये हवं असेल तर ऑग्डेन-रॉक्सबर्गचं १९९९ चं मॉडेल सॉफ्टवेअरमध्ये तयार आहे.

१३. ओ-रिंगचं एक पूर्ण उदाहरण द्या ना, आकड्यांसकट.

घ्या. ३.५३ मिमी जाडीची रिंग, खाच २.८२ खोल आणि ४.७८ रुंद. दाब (३.५३ − २.८२) ÷ ३.५३ = २० टक्के. रिंगचं क्षेत्रफळ ९.७९ चौमिमी, खाचेचं १३.४८, म्हणजे खाच ७३ टक्के भरली. ८५ च्या वर जाऊ नये असा साधारण संकेत आहे.

ॲक्सिसिमेट्रिक मॉडेल, खाच रिजिड, पहिल्या स्टेपला शाफ्ट किंवा कव्हर डिस्प्लेसमेंटने बंद करा, दुसऱ्या स्टेपला प्रेशर. प्रेशर कुठल्या पृष्ठभागावर लावायचं हा नेहमीचा घोळ, कारण रिंग सरकली की ओला भाग बदलतो. अबॅकसमध्ये त्यासाठी प्रेशर पेनेट्रेशन आहे, ते जिथे कॉन्टॅक्ट प्रेशर कमी पडतं तिथे द्रवाला आत घुसू देतं.

सील टिकतं का हे कॉन्टॅक्ट प्रेशरवरून बघा, कमाल आकडा द्रवाच्या प्रेशरपेक्षा वर पाहिजे. ओ-रिंगचं कौतुक असं की रबर दबत नसल्याने द्रवाचं प्रेशर कॉन्टॅक्ट प्रेशरमध्ये जवळपास तसंच मिळवलं जातं, त्यामुळे प्रेशर वाढलं की सील पण घट्ट होतं. मग लीक होतं कशाने? फट मोठी असते आणि रबर त्यात घुसून कुरतडलं जातं. ७० शोअरला साधारण १०० बारच्या वर बॅकअप रिंगचा विचार करा. वेळेने ढिलं पडणं १५ मध्ये, गरम होऊन फुगणं १६ मध्ये.

१४. पुलाच्या बेअरिंगचा पॅड हाताच्या हिशोबापेक्षा खूप कडक येतोय. मॉडेल चुकलंय का?

बहुतेक हाताचा हिशोब चुकलाय. खाडीवरच्या पुलांची आणि फ्लायओव्हरची कामं इकडे सतत चालू असल्यामुळे हा प्रश्न वरचेवर येतो. वर-खाली प्लेटला चिकटवलेलं रबर बाजूने पसरू शकत नाही, म्हणून कडकपणा शेप फॅक्टरवर ठरतो: लोड घेणारं क्षेत्रफळ भागिले बाजूचं मोकळं क्षेत्रफळ.

१०० × १०० मिमी, १० मिमी जाड, ६० शोअर. शेप फॅक्टर १०,००० ÷ ४,००० = २.५. दिसणारा मॉड्यूलस साधारण ई × (१ + २ × एस²), इथे एस म्हणजे शेप फॅक्टर, म्हणजे ३.६ × १३.५ = ४९ एमपीए. ३.६ नाही, ४९.

आता मध्ये स्टीलच्या पातळ प्लेट घालून रबरचा थर ३ मिमी केला. शेप फॅक्टर ८.३३, सूत्राने ५०० एमपीए. पण हा आकडा बल्क मॉड्यूलसच्या जवळ पोचला, म्हणजे आता रबर स्वतः दबायला लागतं, आणि १/५०० + १/२००० करून खरा आकडा ४०० च्या आसपास. इथे डी१ शून्य ठेवलात तर २०-२५ टक्के जास्त कडक उत्तर. ८ मध्ये म्हटलं की फरक पडत नाही, त्याचा अपवाद हाच, आणि व्हॉल्यूमेट्रिक टेस्ट ज्यांना खरंच लागते ते हेच लोक. आडव्या दिशेचा कडकपणा मात्र प्लेट घातल्याने फार बदलत नाही, रबरची एकूण जाडीच तिथे चालते, म्हणून तर पूल उन्हाने लांब झाला तरी बेअरिंग त्याला सरकू देतं.

१५. सहा महिन्यांनी सील ढिलं पडतं, ते एफईए मध्ये दिसेल का?

नुसत्या हायपरइलास्टिकमध्ये नाही (२ बघा). यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक रिलॅक्सेशन: दाबून ठेवलंय आणि फोर्स हळूहळू उतरतोय. त्यासाठी रिलॅक्सेशन टेस्ट आणि त्यावरून प्रोनी सिरीज (वेळेनुसार उतरणाऱ्या टर्मची बेरीज, प्रत्येक टर्मचा वाटा म्हणजे जी). सगळ्या जी ची बेरीज ०.३ असेल तर शेवटी ७० टक्के फोर्स उरतो, बेरीज १ च्या आत पाहिजेच. इथला नेहमीचा गोंधळ म्हणजे तुमचे कॉन्स्टंट झटक्यातले आहेत की खूप वेळानंतरचे, हे अबॅकसला सांगावं लागतं. सावकाश केलेल्या टेस्टचे कॉन्स्टंट झटक्यातले म्हणून दिले तर रिलॅक्सेशन दोनदा वजा होतं.

दुसरी गोष्ट कॉम्प्रेशन सेट, म्हणजे सोडल्यावर पण परत न येणं. उष्णतेत रबरची रासायनिक रचनाच दाबलेल्या मापावर नव्याने बसते. प्रोनीने हे येत नाही. चटकन अंदाज हवा तर १३ च्या रिंगला ३० टक्के सेट धरा, ०.७१ मिमी दाबातले ०.२१ गेले, उरलेल्या ०.५ वर पुन्हा रन करा. ढोबळ आहे पण निर्णय घ्यायला पुरतं.

१६. तापमान कसं धरायचं?

सगळ्यात आधी फुगणं. रबर स्टीलच्या दहा-पंधरा पट जास्त फुगतं. रेषीय गुणांक १.६ × १०⁻⁴ धरला तर १०० अंश वाढीला व्हॉल्यूम ४.८ टक्के वाढतं, १३ ची खाच ७३ वरून ७६ टक्के भरते, चालतं. पण आधीच ९७ टक्के भरलेली खाच असेल तर रबरला जायला जागा नाही आणि मग बल्क मॉड्यूलस काय चीज आहे ते बोल्टला कळतं. कडकपणासाठी ज्या तापमानाला पार्ट चालतो त्याच तापमानाला टेस्ट करा, फॅक्टर लावून काढू नका. थंडीचं म्हणाल तर ठाण्यात उणे २० कधी येणार नाही, पण माल एक्स्पोर्टला जातो, आणि काही नायट्राइल कंपाऊंड तेवढ्या थंडीत लाकूड होतात.

१७. स्पंज, फोम, टीपीयू (थर्मोप्लॅस्टिक पॉलियुरेथेन) यांनाही हेच मॉडेल?

स्पंज आणि फोमला अजिबात नाही, ते दाबलं की व्हॉल्यूम खरंच कमी होतं, त्याला हायपरफोम मॉडेल. टीपीयूमध्ये लोड काढल्यावर बराच स्ट्रेन उरतो आणि वेगाचा फरक मोठा पडतो, सुरुवातीला दाबतानाच्या कर्व्हवर हायपरइलास्टिक चालवून घ्या, परत येताना काय होतं ते हवं असेल तर बर्गस्ट्रॉम-बॉइससारखं मॉडेल लागेल. सिलिकॉन रबर मात्र इथल्या सगळ्या उत्तरांत बसतं.

१८. व्हॉन मिसेस प्लॉट काढून फॅक्टर ऑफ सेफ्टी देऊ का? सर मागतायत.

सरांना सांगा की रबरला यील्ड पॉइंट नसतो. व्हॉन मिसेस स्टीलच्या यील्डसाठी, आणि कोंडून दाबलेल्या रबरमध्ये प्रेशर प्रचंड असूनही तो छोटासाच दिसतो. प्रिन्सिपल स्ट्रेन दाखवा, तुटेपर्यंतच्या स्ट्रेनच्या किती खाली आहात ते सांगा, तापमान आणि वय धरून भरपूर अंतर ठेवा. चिकटवलेल्या पॅडला ओढणारा लोड येत असेल तर कडेपेक्षा मध्ये बघा, तिथे तिन्ही बाजूंनी ताण येऊन आतून भेगा पडतात आणि बाहेरून काही दिसत नाही. हायड्रोस्टॅटिक ताण ई च्या जवळपास पोचला की हा धोका सुरू होतो, ६० शोअरला म्हणजे ३-४ एमपीए, पार्टची तन्य ताकद १५ असली तरी.

१९. टेस्टमध्ये फोर्स एफईए पेक्षा २० टक्के कमी आला. कस्टमरला काय सांगू?

आधी त्या टेस्टमधल्या पार्टचा हार्डनेस मोजा, ड्रॉइंगवरचा नको, हातातल्या पार्टचा. ६० च्या जागी ५६ निघाला तर बराचसा फरक तिथेच संपतो (४ बघा). मग विचारा की टेस्टला तो पार्ट कितव्यांदा दाबला होता, पहिल्यांदा की पाचव्यांदा (१२), आणि किती वेगाने, दाबून किती वेळाने फोर्स वाचला (१५), प्लेटला ऑइल होतं का. एवढं करूनही २० राहिले तरच मॉडेल उघडा, आणि उघडल्यावर कॉन्स्टंट हाताने फिरवून कर्व्ह जुळवू नका, कारण पुढच्या महिन्यात ड्रॉइंग बदलेल, पार्ट वेगळ्या मोडमध्ये विकृत होईल, आणि जुळवलेले कॉन्स्टंट तिथे लागू पडणार नाहीत.